मॅनिकिन 'मरतो' ते सिम्युलेशन सेशन: नर्सिंगच्या मुलामुलींनी घ्यावं का?

लॅबमध्ये पेशंटच्या जागी ठेवलेल्या बाहुलीवर (मॅनिकिनवर) मृत्यूचा सराव करायचा, असं हे सेशन. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकते. घ्या. पण कोड ब्लूच्या (पेशंटचं हृदय बंद पडलं की होणाऱ्या धावपळीच्या) ड्राम्यासाठी नका घेऊ, त्याच्यानंतरच्या संथ भागासाठी आणि डिब्रीफिंगसाठी (शेवटी बसून काय झालं, काय वाटलं ते बोलण्यासाठी) घ्या. ज्यांनी आमच्याकडे हे सेशन घेतलं त्यांचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत, आणि सीनियर्सशी बोलल्यावर कळलं की त्या काही एकट्या त्यांच्या नाहीत, अशा बऱ्याच सेशन्समध्ये त्याच त्याच गोष्टी राहून जातात.

फीडबॅक फॉर्म हे लोक सेशन संपल्या संपल्या भरून घेतात, तेव्हा निम्मा वर्ग रडून मोकळा झालेला असतो आणि सगळे धडाधड पाच स्टार देऊन टाकतात, त्याला काही अर्थ नाही. खरा रिव्ह्यू वॉर्डमध्ये पहिला पेशंट गेल्यावरच लिहिता येतो. माझ्या बाबतीत ते मेडिसिन वॉर्डच्या पोस्टिंगला झालं. म्हातारे आजोबा, आजार शेवटच्या टप्प्यातला, डॉक्टर आणि घरच्यांनी बसून आधीच ठरवलेलं की आता सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन हृदय चालू करायचा प्रयत्न) नाही, व्हेंटिलेटर नाही, फक्त त्रास कमी करायचा. म्हणजे कुणी धावलं नाही, अलार्म वाजला नाही, सगळं हळूहळू झालं, आणि इथेच माझा या सेशनबद्दलचा मुख्य मुद्दा आहे, पण तो क्रमाने येईल.

ज्यांनी बघितलंच नाहीये त्यांच्यासाठी: लॅबमध्ये बेडवर एक मॅनिकिन असतो, साधा सीपीआरचा धडवाला नाही तर पूर्ण माणसाएवढा, छाती वरखाली होते, डोळे मिचकावतो, मनगटाला पल्स लागते, बोलतोसुद्धा (काचेमागे बसलेला ऑपरेटर माइकवर बोलत असतो). बाजूला मॉनिटर. आणि एक कलाकार असते जी पेशंटची मुलगी बनून येते. आधी प्रीब्रीफिंग (काय होणार ते समजावणं), मग दोन सिनारिओ म्हणजे प्रसंग, मग डिब्रीफिंग.

एक अवांतर, पण मला हे सेशनमध्येच पहिल्यांदा कळलं आणि डोक्यातून जात नाहीये. नर्सिंग शिकवायला पहिली माणसाएवढी बाहुली 1911 मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलसाठी बनली, बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेस यांनी बनवली म्हणून तिला मिसेस चेस म्हणायचे. आणि आपण सगळे जिच्या तोंडात फुंकर मारून सीपीआर शिकलो ती रिससी अ‍ॅन, ती 1960 मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लेअरडाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने आणली, आणि तिचा चेहरा पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या डेथ मास्कवरून घेतलेला आहे. सीन नदीत बुडालेली मुलगी होती असं सांगतात, ती खरंच बुडालेली होती का यावर शंका आहे, पण मास्कची गोष्ट खरी. म्हणजे फर्स्ट इयरला जीव वाचवायला शिकताना आपण सगळे एका मेलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर वाकलेलो असतो आणि आपल्याला कुणी हे सांगतही नाही!

बरं, पहिला सिनारिओ. पेशंट बोलता बोलता कोसळतो, मॉनिटर बोंबलायला लागतो, आणि तुम्ही धावता. तीस कॉम्प्रेशन दोन श्वास, मिनिटाला 100 ते 120, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मॅनिकिनच्या आतला सेन्सर स्क्रीनवर दाखवतो की तुमची खोली कमी पडतेय, हे खरंच भारी आहे, कारण आपल्याला वाटत असतं की आपण जोरात दाबतोय आणि स्क्रीन म्हणते नाही. मॉनिटरवरची लाइन सरळ झाली की आमच्यातला एक जण शॉक द्यायला धावला, सेशन घेणाऱ्या फॅसिलिटेटर मॅडमनी तिथेच थांबवलं, असिस्टोलला (म्हणजे अशा सरळ लाइनला) शॉक नसतो, कॉम्प्रेशन आणि अ‍ॅड्रेनलिन चालू ठेवायचं. टीव्हीवर सगळे सरळ लाइनलाच शॉक देतात ना, तेच डोक्यात बसलंय. मॅडमनी तेव्हा एक जुना अभ्यास सांगितला, 1996 चा, अमेरिकेतल्या टीव्ही मालिकांमध्ये सीपीआर दिलेले पेशंट मोजले तर 75 टक्के तिथल्या तिथे वाचतात आणि 67 टक्के घरी जातील असं दाखवलेलं. खऱ्या हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असताना हृदय बंद पडलं तर अमेरिकेतल्याच नोंदींमध्ये चार-पाच जणांतला साधारण एक जण घरी जातो. ही एक गोष्ट आधी माहीत असली तरी बराच भार हलका होतो, कारण पेशंट गेला म्हणजे आपलं काहीतरी चुकलं हे स्टुडंटच्या डोक्यात आपोआप येतं.

पण मॅनिकिन मरणार हे आधीच प्रोग्राम केलेलं होतं, तुम्ही काहीही करा तो मरणारच होता, आणि हे आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. यावर सिम्युलेशन शिकवणाऱ्यांमध्येच वाद आहे. काही म्हणतात खऱ्या आयुष्यात कोण सांगून मरतं, तसंच राहू दे. काही म्हणतात न सांगता मारला की मुलं इतकी हादरतात की शिकायचं ते डोक्यात जातच नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे. आमच्यातली एक जण, घरात नुकतंच कुणीतरी गेलेलं, ती बाहेर जाऊन बसली ती परत आलीच नाही आतमध्ये. प्रीब्रीफिंगमध्ये एवढं जरी म्हटलं असतं की आज पेशंट जाऊ शकतो, कुणाला नको असेल तर काचेमागून बघा, काही प्रश्न विचारणार नाही, तर काय बिघडलं असतं? इथे माझा एक स्टार गेला.

दुसरा सिनारिओ मात्र जपून ठेवण्यासारखा. यात पेशंट अपेक्षितपणे जातो, काही वाचवायचं नसतं. तुम्हाला फक्त बेडजवळ थांबायचंय, बघायचंय, मुलीशी बोलायचंय. पहिली दोन मिनिटं कुणालाच हात कुठे ठेवायचे ते कळेना. आपल्याला सवय असते काहीतरी करत राहायची, बीपी घे, सलाइन बघ, चार्ट भर, आणि इथे करायचं काहीच नाही असं वाटतं. मग मॅडम एकेक दाखवायला लागल्या आणि कळलं की करायचं खूप आहे, फक्त ते चार्टवर दिसत नाही.

श्वासाचा पॅटर्न आधी. मॅनिकिनला चेन-स्टोक्स ब्रीदिंग लावलं होतं, हळूहळू खोल होत जाणारे श्वास, मग उथळ, मग पॉज, इतका लांब की वाटतं संपलं, आणि मग पुन्हा सुरू. चेन यांनी 1818 मध्ये आणि स्टोक्स यांनी 1854 मध्ये वर्णन केलेलं, परीक्षेला दोन मार्कांना असतं, आपण पाठ करतो आणि विसरतो. वॉर्डमध्ये आजोबांचा पहिला लांब पॉज आला तेव्हा त्यांच्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि मी सांगू शकले की असं होतं, यात त्यांना गुदमरल्यासारखं वाटत असेल असं नाही. हे वाक्य मला सेशनने दिलं. एवढ्या एका वाक्यासाठीसुद्धा मी पैसे वसूल म्हणेन.

पण मॅनिकिन जे करू शकत नाही त्याची यादी मोठी आहे आणि ती कुणीतरी सांगायला हवी होती. मॅनिकिन गार पडत नाही. पाय आधी गार होतात, मग गुडघ्यांवर जांभळट नक्षीसारखे डाग यायला लागतात, नखं निळसर, नाक टोकदार दिसायला लागतं, जबडा सैल पडतो आणि श्वास जबड्याने घेतल्यासारखा दिसतो. रबराच्या कातडीवर यातलं काहीच होत नाही. घरघर लागते ती तर अजिबातच नव्हती, आणि घरच्यांना सगळ्यात जास्त त्याच आवाजाचा त्रास होतो. घशात साठलेला स्राव पेशंटला गिळता किंवा खोकता येत नाही म्हणून तो आवाज येतो, पेशंट बहुतेक वेळा शुद्धीत नसतो आणि त्याला त्याचा त्रास होत असेलच असं नाही, पण बाजूला बसलेल्या माणसाला वाटतं माझा बाप बुडतोय. वॉर्डमध्ये मुलगा सारखा म्हणत होता सक्शन करा (नळीने स्राव ओढून काढा), सक्शन करा. सिस्टरांनी खोल सक्शन केलं नाही, कुशीवर वळवलं, डोकं थोडं वर केलं, तोंड पुसलं, आणि डॉक्टरांनी लिहिलेलं ग्लायकोपायरोलेट (स्राव कमी करणारं औषध) दिलं. मग त्याला शांतपणे समजावलं की आत नळी घालून उलट त्रासच होईल. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते की हे सेशनमध्ये का नाही? साधं रेकॉर्डिंग लावलं असतं तरी चाललं असतं, स्पीकर तर मॅनिकिनच्या तोंडातच आहे.

आणि वेळ. सेशनमध्ये पेशंट वीस मिनिटांत जातो. खऱ्यात अख्खी शिफ्ट जाते, हँडओव्हर होतो, दुसरी शिफ्ट येते, नातेवाईक चहाला जायचं की नाही यावर कुजबुजत भांडतात, कुणाला फोन करायचा, कुणाला नाही, आणि मध्येच शेजारच्या बेडवाला म्हणतो सिस्टर माझी सलाइन संपली. वीस मिनिटं धीर धरणं सोपं असतं हो.

तोंडाची काळजी याला मात्र त्यांनी चांगला वेळ दिला. ओठ कोरडे पडतात, जीभ सुकते, पाणी पाजता येत नाही कारण गिळता येत नाही, मग ओल्या स्पंजने किंवा गॉजने तोंड ओलं करायचं, ओठांना काहीतरी लावायचं, दर थोड्या वेळाने. आजोबांच्या वेळी मी हेच केलं, आणि मग त्यांच्या सुनेला विचारलं तुम्ही करता का, तिने केलं. बसून नुसतं बघत राहण्यापेक्षा घरच्यांनाही हाताला काम हवं असतं. हे सेशनमध्ये शिकवलं नव्हतं, सिस्टरांनी डोळ्याने खुणावलं होतं.

ऐकू येण्याबद्दलही सांगितलं. 2020 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या केंद्रातल्या), काही प्रतिसाद न देणाऱ्या पेशंटच्या मेंदूच्या लहरी तपासल्या आणि त्यातल्या काहींचा मेंदू शेवटच्या तासांतही आवाजांना प्रतिसाद देत होता. त्यांना अर्थ कळत होता का ते यातून सिद्ध होत नाही, मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं, उगाच शेवटपर्यंत सगळं ऐकू येतं आणि कळतं असं ठोकून दिलं नाही. पण बेडजवळ उभं राहून आता किती वेळ काढतील असली चर्चा करू नये एवढं तर कळलं. आणि पेशंटला सांगून हात लावायचा, आजोबा कूस बदलतेय हं, असं. वॉर्डमध्ये सिस्टर तर गेल्यानंतरही तसंच बोलत होत्या त्यांच्याशी. मला आधी विचित्र वाटलं आणि मग मीपण तेच करायला लागले.

आता सगळ्यात मोठी तक्रार. मॅनिकिन गेल्यावर पुढचं सगळं काम, म्हणजे बॉडी केअर, त्यांनी दहा मिनिटांत गुंडाळलं. स्लाइड लावली, चेकलिस्ट वाचली, दोघींनी चादर ओढली, झालं. अहो, स्टुडंटच्या हातात वॉर्डमध्ये नेमकं हेच काम येतं! कोडमध्ये आपल्याला कोण उभं करतं, आपण पडद्याबाहेर. पण नंतर सिस्टर म्हणतात चल माझ्याबरोबर, आणि मग तुम्ही आणि ते शरीर आणि टबमधलं कोमट पाणी.

म्हणून मीच लिहिते इथे, कुणाला तरी उपयोग होईल. डॉक्टरांनी तपासून मृत्यू घोषित केल्याशिवाय काहीही काढायचं नाही. पोस्टमॉर्टेम होणार असेल तर नळ्या, कॅथेटर, आयव्ही लाइन जागच्या जागी राहू द्यायच्या, हे आधी विचारूनच हात लावायचा. डोळे आणि जबडा लवकर बंद करायचा, कवळी बसवायची असेल तर तीही लवकर, कारण ताठरपणा पापण्या, जबडा, मान इथून दोन ते चार तासांत सुरू होतो आणि साधारण बारा तासांत पूर्ण शरीरात येतो, मग जबरदस्ती करावी लागते आणि ते कुणालाच नको असतं. डोक्याखाली उशी ठेवायची नाहीतर चेहऱ्यावर रक्त साचून रंग बदलतो. कुशीवर वळवलं की छातीतली हवा बाहेर येते आणि उसासा टाकल्यासारखा आवाज येतो. हे कृपा करून सगळ्यांना आधी सांगा, कारण मी तेव्हा जागीच थिजले, मला वाटलं ते जिवंत आहेत, आणि सिस्टर अगदी सहज म्हणाल्या, हवा आहे गं, धर नीट. पोट, मूत्राशय सैल पडतं त्याचीही तयारी ठेवायची. ओळखपट्टी दोनदा तपासायची. अंगावरचे दागिने साक्षीदारासमोर लिहून द्यायचे. पेसमेकर असेल तर तशी नोंद करायची, कारण दहनात तो फुटू शकतो. आणि घरच्यांना आधी विचारायचं की तुमचं काही करायचं असतं का, आम्ही हात लावू का, त्यांना मदत करायची आहे का.

शरीर जड असतं, मॅनिकिनपेक्षा खूपच वेगळं जड, हात सोडला की तो पडतो, कुठेच आधार देत नाही. मॅनिकिनचे सांधे घट्ट असतात त्यामुळे हा अंदाज येतच नाही. यावर उपाय आहे का मला माहीत नाही, पण निदान तोंडी तरी सांगा.

मुलीचं काम करणारी कलाकार कमाल होती, तिला वेगळे पाच स्टार. तिने रडारड केली नाही. तिने फक्त विचारलं, मी घरी जाऊन आंघोळ करून येऊ का, तेवढ्यात काही होणार नाही ना? आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच उत्तर येईना. मॅडमनी शिकवलं की नाही म्हणून खोटा दिलासा द्यायचा नाही, हो म्हणून घाबरवायचं नाही, आत्ता जे दिसतंय ते सांगायचं, वेळ सांगता येत नाही हे सांगायचं, आणि सिस्टर किंवा डॉक्टरांना बोलवायचं. स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत शिकवली, 2000 साली कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी आलेली, वाईट बातमी कशी सांगायची त्याची. चांगली आहे, पण स्टुडंटने बातमी सांगायचीच नसते, ते डॉक्टरांचं काम. आपल्या वाट्याला येतात ते आंघोळीसारखे प्रश्न, कॉरिडॉरमध्ये, डॉक्टर निघून गेल्यावर. त्यावर अजून एक तास दिला असता तर आनंद झाला असता.

एक स्लाइड मात्र कायमची काढून टाका. दुःखाच्या पाच पायऱ्या, नकार, राग वगैरे, बाण काढून एकापुढे एक. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडलं ते मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांच्या दुःखाचं टाइमटेबल म्हणून नाही, आणि सगळे त्याच क्रमाने जातात असंही नाही. वर टेस्टमध्ये प्रश्न: नातेवाईक डॉक्टरवर ओरडतोय, तो कितव्या पायरीवर आहे? अरे, कदाचित त्याला सकाळपासून कुणी काही सांगितलंच नसेल म्हणून ओरडत असेल.

डिब्रीफिंग लांब होतं, सिनारिओपेक्षाही लांब, आणि ते तसंच असायला हवं. काय झालं, काय वाटलं, पुढच्या वेळी काय. कुणी रडलं तर मॅडम थांबल्या, लगेच टिश्यू पुढे करून गप्प केलं नाही. नर्सने पेशंटसमोर रडावं का यावर मोठी चर्चा झाली, आमचं एकमत काही झालं नाही, मॅडमचं म्हणणं की डोळ्यात पाणी आलं तर चालतं, पण नातेवाइकांना तुमची समजूत काढायची वेळ येऊ देऊ नका. हे मला पटलं. मग त्यांनी पॉज शिकवला, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या इमर्जन्सीच्या जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने सुरू केलेला, पेशंट गेल्यावर सगळ्या टीमने जागेवरच थोडा वेळ गप्प उभं राहायचं, त्या माणसासाठी आणि प्रयत्न करणाऱ्यांसाठी. लॅबमध्ये छान वाटलं. आमच्या वॉर्डमध्ये मात्र त्याला जागाच नव्हती, आजोबांना खाली नेल्यावर बेड धुवून घ्यायला मामा आले, आणि माझ्याकडे अजून चार जणांचं बीपी बाकी होतं. मी बीपी घेतलं. तिसऱ्या पेशंटने विचारलं काय गं, चेहरा का असा, मी म्हटलं काही नाही. असा मधला वेळ कसा काढायचा, रडायला वॉशरूममध्ये जायचं की शिफ्ट संपेपर्यंत थांबायचं, कुणाला सांगायचं, यावर सेशनमध्ये काहीच नाही. आमच्या वॉर्डच्या सिस्टर इनचार्जनी शिफ्ट संपल्यावर बसवून दहा मिनिटं बोलायला लावलं म्हणून निभावलं, सगळ्यांना अशा सिस्टर मिळत नाहीत.

फर्स्ट इयरला आपण सगळे अमेरिकन नर्स व्हर्जिनिया हेंडरसनची नर्सिंगची व्याख्या घोकतो. माणसाला आरोग्य किंवा बरं होणं किंवा शांत मृत्यू यासाठी मदत करणं, असं त्यात स्पष्ट आहे. तोंडी परीक्षेत सगळे ती म्हणून दाखवतात, आणि मग तीन वर्षं शिकवतात फक्त पहिले दोन. या सेशनने निदान तिसऱ्याला हात घातला, त्याबद्दल मनापासून कौतुक आहे.

रेटिंग: पाचपैकी साडेतीन. एक स्टार गेला न सांगता मॅनिकिन मारल्याबद्दल, अर्धा बॉडी केअर गुंडाळल्याबद्दल. पाच पायऱ्यांच्या स्लाइडचा खरं तर अजून अर्धा जायला हवा, पण कलाकार ताईंनी तो वाचवला.

तुमच्या कॉलेजमध्ये घ्यायचं ठरत असेल तर मॅडमना सांगून आधी या गोष्टी विचारून घ्या: अपेक्षित मृत्यूचा सिनारिओ आहे की फक्त कोड, बॉडी केअर प्रत्यक्ष करायला मिळते का आणि किती वेळ, बाहेर थांबायची परवानगी आहे का, आणि नंतर कुणाला त्रास झाला तर बोलायला माणूस कोण. टाइमटेबलमध्ये ते मेडिसिन किंवा आयसीयू पोस्टिंगच्या अगदी आधी बसवा. आमच्या ज्युनिअर बॅचला पोस्टिंग आधी आणि सेशन नंतर लावलंय, ते बदलून घ्यायचा अर्ज दिलाय, बघू काय म्हणतात.